खोक्यावरचं एक वाक्य

मी मूळची कापडातली. वस्त्र अभियांत्रिकी केली, गॉजचा धागा किती काउंटचा, एका ग्रॅममागे किती पाणी पितो, कापताना कडेचे तंतू का सुटतात, यावर तासभर बोलू शकते. कायद्याचं पुस्तक मात्र कधी उघडलं नव्हतं. आमचा कारखाना लहान. कापसाची पॅड कापायची, जखमेला चिकटू नये म्हणून वर पातळ फिल्म लावायची, पाऊचमध्ये सीलबंद करायची आणि निर्जंतुकीकरणासाठी बाहेर पाठवायची. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं.

११ फेब्रुवारी २०२०ला केंद्राची अधिसूचना आली आणि त्या १ एप्रिलपासून देशातली सगळी वैद्यकीय उपकरणं १९४०च्या औषध कायद्याखाली आली. त्याआधी स्टेंट, हृदयाच्या झडपा, डोळ्यातली कृत्रिम भिंगं अशी निवडक उपकरणंच त्या कायद्याखाली होती. आता स्टेथोस्कोपसुद्धा कायद्याच्या भाषेत ‘औषध’ झाला. मला याचं पहिल्यांदा हसू आलं होतं. साहेबांनी मला बोलावून एवढंच सांगितलं, ‘‘तुमचं इंग्रजी बरं आहे, हे तुम्ही बघा.’’ मी रेग्युलेटरीची, म्हणजे परवाने आणि नियम सांभाळणारी, माणूस झाले ती अशी.

सुरुवातीला नुसती नोंदणी होती, तीही ऐच्छिक. खरी घाई झाली ती तारखा जवळ आल्यावर. ए आणि बी वर्गाच्या उपकरणांना १ ऑक्टोबर २०२२पासून परवाना सक्तीचा, सी आणि डी वर्गाला १ ऑक्टोबर २०२३पासून. वैद्यकीय उपकरण नियम २०१७मध्ये धोक्याप्रमाणे चार वर्ग आहेत: ए म्हणजे सगळ्यात कमी धोका, डी म्हणजे सगळ्यात जास्त. ए आणि बीचा परवाना राज्य देतं. सी आणि डीची फाईल थेट दिल्लीला, केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेकडे जाते आणि तपासणीलाही तिकडचे अधिकारी येतात.

मी मनात धरून चालले होते की कापसाचं पॅड, म्हणजे ए. दुसरं काय असणार? दोन दिवसांत फाईल लावू असं साहेबांना सांगूनही टाकलं. मग नियमांची पहिली अनुसूची वाचायला बसले, तिथे वर्ग ठरवायचे निकष आहेत. तोंडी लावणं म्हणून ते वाचत होते, आणि जखमेवरच्या ड्रेसिंगच्या कलमाशी येऊन थांबले.

कापडाबद्दल त्यात अवाक्षर नाही. धागा, वजन, फिल्म, काही नाही. विचारलंय एवढंच की हे कशासाठी. नुसता आडोसा, दाब किंवा जखमेतला स्राव शोषून घेणं एवढंच काम असेल तर ए. त्वचेचा आतला थर फाटलेल्या जखमेसाठी, किंवा जखमेच्या आसपासचा ओलावा सांभाळण्यासाठी असेल तर बी. जी जखम कडा जुळून भरत नाही, तळापासून नवं मांस येत सावकाश भरते, मुख्यतः तशा जखमेसाठी असेल तर सी. आणि ड्रेसिंगमध्ये एखादा औषधी घटक असेल, तो स्वतंत्रपणे औषध म्हणून गणला जात असेल आणि ड्रेसिंगच्या कामाला हातभार लावत असेल, तर बहुतेकदा थेट डी. म्हणजे हृदयाच्या झडपेच्या शेजारी.

मी आमचं पत्रक समोर ओढलं. तीच एक घडीची रंगीत कागदाची पट्टी, जी आम्ही प्रत्येक खोक्यात टाकत होतो. पहिली ओळ: ‘स्राव चटकन शोषून घेते.’ ए. दुसरी: ‘जखमेतील ओलावा योग्य राखते.’ बी. तिसरी: ‘मधुमेहींच्या पायाच्या जुनाट जखमांसाठीही उपयुक्त.’ सी. शेवटची, जाड टायपात: ‘चांदीयुक्त पॅडही उपलब्ध.’ एका पानावर इंग्रजी मुळाक्षरांचे पहिले चार धडे. पॅड एकच, मशीन एकच, आणि विक्रीच्या पोरांनी हौसेने लिहिलेल्या चार ओळींनी ते चार वर्गांत जाऊन बसलेलं.

साहेबांचं म्हणणं सरळ होतं. ‘‘कापड तेच ना? मग वाक्याने काय फरक पडतो?’’

मला तेव्हा नीट सांगता आलं नाही. आता सांगते तेव्हा कॉन्टॅक्ट लेन्सचं उदाहरण देते. अमेरिकेत मऊ लेन्स दिवसा घालून रात्री काढायची असेल तर दुसऱ्या वर्गात, आणि तीच रात्री झोपतानाही डोळ्यात ठेवायची म्हणून विकली तर तिसऱ्या, म्हणजे सगळ्यात कडक वर्गात. झोपेत डोळ्याला हवा कमी मिळते, संसर्गाचा धोका वाढतो. लेन्सला काय माहीत आपण रात्री डोळ्यात राहणार आहोत? तसंच नळीचं. युरोपात नळी शरीरात तासाभराच्या आत काढणार, तीस दिवसांपर्यंत ठेवणार की त्याहून जास्त, यावर वर्ग चढतो, आणि हृदयाशी किंवा मोठ्या रक्तवाहिन्यांशी तिचा थेट संबंध आला तर तो आणखी वर जातो. रक्तलघवीच्या तपासण्यांची गोष्ट तर त्याहून निराळी. ते किट अंगाला लागतच नाही, तिथे धोका असतो चुकीच्या उत्तराचा. म्हणून घरी करायची गर्भधारणेची चाचणी युरोपात बी वर्गात आहे आणि दान केलेल्या रक्तात एचआयव्ही शोधणारी डी वर्गात. पहिलीत चूक झाली तर फार तर पुन्हा तपासणी होते. दुसरीत झाली तर संसर्ग भलत्याच माणसाच्या अंगात जातो.

बैठकीत तासभर वाद झाला. विक्रीवाल्यांना मधुमेहाची ओळ सोडवेना, कारण खप तिच्यावरच होता. मी विचारलं, जुनाट जखमेवर हे पॅड चालतं याचा आपल्याकडे काय पुरावा आहे? किती रुग्ण, कोणी पाहिलं, कुठे लिहिलंय? एकाने सांगितलं की डॉक्टर वापरतात ना. हा पुरावा फाईलला लावता येत नाही. शेवटी ठरलं ते असं: शोषण आणि ओलावा या दोन ओळी राहतील, पॅड बी वर्गात जाईल, मधुमेहाची ओळ जाईल. चांदीचं पॅड सध्या बंद.

चांदीचं मला वाईट वाटलं, चांगलं चालायचं ते. पण चौकशी केली तेव्हा कळलं की या एका धातूने जगभरच्या कार्यालयांना छळलंय. युरोपात नवी नियमावली २६ मे २०२१पासून लागू झाली. तिच्यात जंतू मारणारा असा घटक पूरक म्हणून असेल तर ड्रेसिंग तिसऱ्या, म्हणजे तिथल्या सगळ्यात कडक वर्गात जातं. मग तपासणी संस्थेला औषधं बघणाऱ्या अधिकाऱ्यांचं मत घ्यावं लागतं, आणि त्या मतालाच २१० दिवसांपर्यंत मुदत. अमेरिकेत साधं गॉज पहिल्या वर्गात, विक्रीपूर्व अर्जातूनही मोकळं. पण जंतुनाशक घातलेलं ड्रेसिंग १९७६चा उपकरण कायदा आला तेव्हापासून कुठल्याच वर्गात बसवलेलं नव्हतं. ते वर्गाविना तसंच राहिलं, आणि बाजारात आधीपासून असलेल्या तशाच उत्पादनाशी तुलना करून मंजुरी घ्यायची पद्धत चालू राहिली. नोव्हेंबर २०२३मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने प्रस्ताव मांडला: औषधांना न जुमानणारे जंतू तयार होण्याची भीती ज्या घटकांनी जास्त, त्यांची ड्रेसिंग तिसऱ्या वर्गात, आणि चांदीसारख्या धातूंची दुसऱ्या.

आपल्याकडे मंजुरीची वाट अशी. विकायचा परवाना मागण्याआधी चाचणीपुरता माल बनवण्याचा परवाना लागतो. एमडी-१२ फॉर्म भरायचा, एमडी-१३ मिळतो. मग त्या मालावर चाचण्या, मग कारखान्याची मास्टर फाईल, उपकरणाची मास्टर फाईल, गुणवत्ता व्यवस्थेची कागदपत्रं, आणि हे सगळं पोर्टलवर चढवून एमडी-३चा अर्ज. ए वर्गाला परवाना आधी मिळतो आणि ऑडिट नंतर १२० दिवसांत होतं. बी वर्गाला उलटं: नोंदणीकृत तपासणी संस्था आधी येऊन ऑडिट करते, तिच्या अहवालावर राज्याचा परवाना. पोर्टलबद्दल फार लिहीत नाही. फाईल किती एमबीची चालते आणि कधी चालत नाही, हे ज्याने भोगलंय त्याला माहीत आहे.

चाचण्यांत मला सगळ्यात जास्त शिकवलं ते पाऊचने. आमचं पाऊच एका बाजूने कागद, दुसऱ्या बाजूने पारदर्शक फिल्म. इथिलीन ऑक्साइड वायू कागदातून आत शिरतो, पॅडवरचे जंतू मारतो आणि हवा खेळती ठेवली की हळूहळू बाहेर पडतो. जंतू मात्र कागदातून आत जाऊ शकत नाहीत. ‘निर्जंतुक’ हा शब्द लिहिता येतो तो एका आकड्यावर: प्रक्रियेनंतर एखादा जिवंत जंतू उरण्याची शक्यता दहा लाखांत एकापेक्षा जास्त नको. ते सिद्ध करायला मुद्दाम चिवट बीजाणू असलेल्या पट्ट्या मालाच्या आत लपवतात, आणि ते बीजाणू मेले का बघतात. वायूचा अंश पॅडमध्ये किती उरला तेही मोजावं लागतं, कारण तो वायू स्वतःच विषारी.

पण हे सगळं सील धरून राहिलं तर. दोन वर्षांची मुदत छापायची म्हणजे दोन वर्षं वाट पाहणं आलं. ती वाट लवकर संपवायची युक्ती आहे, पाऊच उबेत ठेवायचं. तापमान दहा अंशांनी वाढलं की जुनं होण्याचा वेग दुप्पट होतो, असं धरतात. २५ अंशांचा माल ५५वर ठेवला तर तीनदा दुप्पट, म्हणजे आठपट. मग दोन वर्षं ९१ दिवसांत निघतात. खरोखरचा दोन वर्षांचा अभ्यास शेजारी चालू ठेवावाच लागतो, पण फाईल ९१ दिवसांवर पुढे सरकते.

आमचं पहिलं गाठोडं साठ दिवस उबेत होतं. सहज म्हणून मी त्यातली पाच पाऊच काढली आणि रंगाची चाचणी लावली. ती अशी: फिल्मच्या बाजूने सुई टोचून निळा रंग आत सोडायचा, पाऊच तिरकं करून तो सीलच्या कडेने फिरवायचा आणि काही सेकंदांत बघायचं, कारण थोड्याच वेळात कागद रंग प्यायला लागतो आणि मग काही कळत नाही. चार पाऊच साफ. पाचव्यात, डाव्या कोपऱ्याजवळ, सीलच्या आरपार एक निळी रेघ गेली. केसाएवढी बारीक, पण आतून थेट बाहेर. मी पाऊच खिडकीजवळ धरलं तरी ती रेघ तशीच. बाकीची पाऊच काढली तेव्हा दर आठ-दहांत एकाला डाव्या कोपऱ्याजवळच रेघ.

डावाच कोपरा, म्हणजे मशीन. आमच्या फिटरने सीलिंगच्या दांडीखालची रबराची पट्टी काढून दाखवली. डाव्या टोकाला ती दबून गुळगुळीत झाली होती, बोटाने कळत होतं. तिथे दाब कमी, म्हणून सील कच्चं. पट्टी किरकोळ वस्तू, बदलायला वीस मिनिटं. पण ती कधी बदलायची हे कुठेच लिहिलेलं नव्हतं, आणि उबेतले साठ दिवस फुकट गेले. नवा माल, नवी पट्टी, पुन्हा पहिल्या दिवसापासून ९१. साहेबांना सांगायला गेले तेव्हा ते बराच वेळ कॅलेंडरकडे बघत बसले. मला ओरडले नाहीत, ते जास्त लागलं.

त्या काळात मी जोखमीची फाईल लिहिली. काय काय बिघडू शकतं, त्याने रुग्णाला काय होईल, आपण काय केलंय, याचा तक्ता. कागदी काम समजून सुरुवात केली आणि अडले. जखमेवरून पॅड काढताना काय होतं हे मी कधी पाहिलंच नव्हतं. एका रुग्णालयातल्या सिस्टरना विनंती केली. त्यांनी पॅड काढताना चिमट्याने एक पांढरा तंतू उचलून माझ्या डोळ्यांसमोर धरला. ‘‘हा आत राहिला की जखम चिघळते. तुमच्या पॅडच्या कापलेल्या बाजूने येतात हे.’’ कडेचे तंतू का सुटतात यावर तासभर बोलणारी मी. आम्ही पॅडच्या कडा आत दुमडायला सुरुवात केली ती त्यानंतर.

ऑडिटच्या दिवशी मी सीलच्या नोंदी, रबराच्या पट्टीचं वेळापत्रक, सगळं समोर मांडून ठेवलं होतं. ऑडिटर मॅडमनी ते चाळलं, मान हलवली आणि तक्रारींचं रजिस्टर मागितलं. मी अभिमानाने दिलं. ते कोरं होतं.

‘‘किती वर्षं माल विकताय?’’

‘‘अकरा.’’

‘‘अकरा वर्षांत एकही तक्रार नाही?’’

‘‘नाही मॅडम.’’

‘‘मग तुमच्याकडे तक्रार पोचायची सोयच नाही.’’

त्यांनी एनसी, म्हणजे नियमाला धरून नसल्याचा शेरा, लिहिली, मोठी. मला तेव्हा राग आला होता. कोऱ्या वहीबद्दल दंड, हा कुठला न्याय? रात्री विचार केला तेव्हा आठवलं, विक्रीची पोरं जेवताना सांगायची: अमुक ठिकाणी पाऊच फाडताना कागद फाटतो म्हणतात, तमुक डॉक्टर म्हणतात फिल्म सुटते. हसण्यावारी जायचं ते. आम्ही खोक्यावर फोन नंबर टाकला, फोन घेणाऱ्याने काय विचारायचं याची पाच प्रश्नांची चिठ्ठी बनवली, विक्रीच्या मुलांना दर शनिवारी कानावर आलेलं लिहून द्यायला लावलं. त्याचे पुरावे पाठवल्यावर एनसी बंद झाली.

राज्याच्या कार्यालयातून दोन प्रश्न आले. एक लेबलावरच्या अक्षराच्या आकाराबद्दल. दुसरा मजेशीर: उपकरणाच्या मास्टर फाईलमध्ये एके ठिकाणी ‘जखम लवकर भरते’ असं वाक्य राहून गेलं होतं, त्याचा आधार द्या. मी तीनशे पानं चाळली होती आणि ते माझ्या नजरेतून सुटलं होतं. आधार नव्हता. वाक्य काढलं. मग एमडी-५, म्हणजे परवाना, आला. परवान्याला शेवटची तारीख नसते, दर पाच वर्षांनी शुल्क भरून तो चालू ठेवायचा. साहेबांनी तो फ्रेम करून दारापाशी लावला.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी खोक्यावरच्या नंबरवर फोन आला. दुसऱ्याच कुठल्या रुग्णालयातल्या सिस्टर होत्या, आवाज घाईचा. टाचेवर जुनी जखम असलेले मधुमेहाचे आजोबा आहेत, तुमचं पॅड लावलंय, चार दिवस तसंच ठेवलं तर चालेल का?

मी म्हटलं, ‘‘सिस्टर, तशा जखमेसाठी आम्ही ते देत नाही. ते काढा, आणि कुठलं लावायचं ते डॉक्टरांना विचारा.’’

‘‘अहो, तुमच्याच कागदावर लिहिलंय की.’’

खोक्यावरचा बॅच नंबर वाचायला लावला. जुना माल होता, जुन्या पत्रकाचा. मी पाच प्रश्नांची चिठ्ठी काढून एकेक विचारलं. जखम चिघळली नव्हती, पॅड सकाळीच लावलं होतं. फोन ठेवल्यावर रजिस्टर उघडलं. अनुक्रमांक १. तारीख, बॅच, रुग्णालय. ‘तक्रारीचा प्रकार’ या रकान्याशी थांबले. माल सदोष नव्हता, सील नीट होतं, पॅडही नीट होतं.

रकान्यात मी सिस्टरचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं: ‘तुमच्याच कागदावर लिहिलंय.’ आणि त्या बॅचचा माल कुठे कुठे गेलाय त्याची यादी काढून साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली.